मोबाईल टीव्हीला लाव

हे वाक्य आमच्या घरात दिवसातून एकदा तरी कोणीतरी म्हणतंच, आणि जो म्हणतो तो स्वतः ते कधीच करत नाही. ‘मोबाईल टीव्हीला लाव.’ दाराला कडी लाव म्हणावं तितक्या सहज. खरं तर लावण्यासारखं तिथे काहीच नसतं. वायर नाही, पिन नाही, खाच नाही. मोबाईल माझ्या हातात, टीव्ही भिंतीवर आणि मधे आठ फूट हवा. या आठ फुटांनी मला जेवढं दमवलंय तेवढं पनवेलच्या सकाळच्या गर्दीनेही दमवलेलं नाही.

आम्ही लोधिवलीचे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, चौकच्या अलीकडे. पाहुण्यांना पत्ता सांगताना ‘रिलायन्सचं हॉस्पिटल’ म्हटलं की लगेच कळतं. गावाचं नाव नंतर सांगितलं तरी चालतं. मी पाताळगंगा एमआयडीसीत स्टोअरला आहे. कुठल्या मापाचा बोल्ट कुठल्या कप्प्यात आहे ते मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. पण स्वतःच्या मोबाईलमध्ये ते टीव्हीला लावायचं बटण कुठे आहे, ते मला दर वेळी नव्याने शोधावं लागतं. कारण त्याला एक नाव नाही. माझ्या मोबाईलमध्ये ते ‘कास्ट’ आहे, दादाच्या मोबाईलमध्ये ‘स्मार्ट व्ह्यू’, वहिनींच्या मोबाईलमध्ये आणखी तिसरंच, आणि टीव्ही स्वतः त्याला ‘स्क्रीन मिररिंग’ म्हणतो. खंडोबाला कुठे मल्हारी म्हणतात, कुठे मार्तंड, ते ठीक आहे. तिथे निदान कोणत्याही नावाने हाक मारली तरी देव तोच येतो.

टीव्हीसमोर घाम गाळायची सवय मला लहानपणापासूनची आहे. आमच्याकडे पहिला टीव्ही आला १९८७ साली, अर्थातच रामायणासाठी. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे वरळीच्या टॉवरवरून निघालेलं चित्र आमच्या ओटीवर पोहोचायला पंधरा वर्षं लागली. पोहोचलं तेही पुरतं नाहीच. कौलांवर बांबू, बांबूवर अँटेना, आणि अँटेनेशी मी. बाबा खाली टीव्हीजवळ, आई दारात. मी वरून ओरडायचो, ‘दिसतंय का?’ आई आत विचारायची. बाबा सांगायचे. आई बाहेर येऊन सांगायची, ‘मुंग्या!’ मग मी बांबू थोडा पिळायचो. ‘आलं! आलं! आता हलवू नको!’ आणि मी हात सोडला की, ‘गेलं!’ आमच्याकडे आजूबाजूला डोंगर. डोंगरावर आपटून आलेली लाट सरळ आलेल्या लाटेपेक्षा जरा उशिरा पोहोचते, त्यामुळे चित्राच्या शेजारी त्याचीच फिकट सावली उमटते. आमच्या टीव्हीत रामाच्या मागे कायम आणखी एक राम उभा असायचा. माझी आजी दोघांनाही नमस्कार करायची. दहा तोंडांचा रावण आला तेव्हा तर तोंडं मोजायची सोयच राहिली नाही.

सगळं उशिरा मिळणं हे आमच्या भागाचं जुनंच दुखणं आहे. घाटावरच्या तलावांचं पाणी नळांतून खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ साली तिथे वीज केली. ती वीज तारांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांत गेली. वीज करून उरलेलं पाणी पाताळगंगेत आलं, ते आम्हाला मिळालं. माझ्या आजोबांच्या लग्नात मात्र गॅसबत्त्याच होत्या. जे काय असेल ते आधी आमच्या डोक्यावरून जातं आणि मग सवडीने कधीतरी आमच्याकडे येतं. ही तक्रार नाही. एवढंच सांगायचंय, की वायरशिवाय चित्र येतं याचं आमच्या आईला अजिबात नवल वाटत नाही. ‘तेव्हाही वायरशिवायच येत होतं की, वरळीवरून. आणि तुला आठ फुटांवरून आणता येत नाही?’

याला माझ्याकडे उत्तर नाही.

आता हा स्मार्ट टीव्ही. ४३ इंची. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला घेतला, हप्त्यावर. त्याच दसऱ्याला, त्याच दुकानातून, त्याच हप्त्याच्या योजनेत, त्याच कंपनीचा तोच टीव्ही आमच्या शेजारच्या काकांनीही घेतला, आणि त्यांच्या पलीकडच्या घरानेही. तिन्ही टीव्ही एकाच टेम्पोतून आले. टेम्पोवाल्याने तिन्ही घरांकडून वेगवेगळं भाडं घेतलं, तो विषय वेगळा. पण या गोष्टीत पुढे काय दडलं होतं ते तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

टीव्ही बसवायला आलेल्या पोराने सगळं झटपट केलं. एके ठिकाणी टीव्हीने विचारलं, मला कुठल्या खोलीत ठेवलंय? समोर यादी होती: लिव्हिंग रूम, बेडरूम, किचन, डेन असं काय काय. डेन म्हणजे काय ते त्या पोरालाही ठाऊक नव्हतं. आमचा टीव्ही ओटी आणि माजघर यांच्या मधल्या भिंतीवर आहे, ओटीकडे तोंड करून. ओटी यादीत नव्हती. पडवी नव्हती. ‘लिव्हिंग रूम टाकतो’ म्हणाला आणि टाकलं. शेजारीही लिव्हिंग रूमच टाकलं. त्यांचा टीव्ही तर चक्क भाताच्या कणगीशेजारी आहे. नाव बदलता येतं म्हणे. पण ज्या घरात मांजराला तीन पिढ्या नुसतं ‘मांजर’ म्हणतात, तिथे टीव्हीचं बारसं कोण करणार?

हे लावणं म्हणजे नक्की काय, ते मला माझ्या तेरा वर्षांच्या भाच्याने समजावलं. घरात या विषयात त्याचा शब्द शेवटचा. तो म्हणाला, मामा, दोन प्रकार असतात. एक कास्ट आणि एक मिररिंग. कास्टमध्ये मोबाईल काही वाहून नेत नाही. तो टीव्हीला नुसती चिठ्ठी देतो, की अमुक व्हिडिओ अमुक ठिकाणी आहे, तू तुझा जाऊन आण. मग टीव्ही स्वतः इंटरनेटवरून तो आणतो आणि मोबाईल खिशात घालून तुम्ही शेतावर गेलात तरी चालतं. मिररिंगचं तसं नाही. तिथे मोबाईलच्या काचेवर जे जे दिसतं ते सगळं, जसंच्या तसं, मोबाईलने सतत टीव्हीपर्यंत पोहोचवायचं. म्हणजे एक नळजोडणी आणि दुसरं डोक्यावरून हंडे. म्हणून मिररिंग करताना मोबाईल तापतो, बॅटरी भराभरा उतरते आणि चित्र मधेच ठेचकाळतं. पाणी हिंदकळणारच.

मला हे पटलं. म्हणून मी विचारलं, मग आपण चिठ्ठीच का देत नाही? तर म्हणाला, चिठ्ठी द्यायला ते अ‍ॅप तयार असावं लागतं आणि मोबाईल-टीव्ही दोघंही घरच्या एकाच वायफायवर असावे लागतात. मिररिंगला वायफायचा राउटर लागतोच असं नाही. २०१२ साली वाय-फाय अलायन्स नावाच्या संस्थेने मिराकास्ट म्हणून एक ठराव केला, त्यात मोबाईल आणि टीव्ही मध्यस्थाशिवाय परस्पर जमवून घेतात. माझ्या लक्षात आलं: कास्ट म्हणजे पत्रिका बघून, याद्या करून केलेलं लग्न, आणि मिराकास्ट म्हणजे पळून जाऊन. पळून जाणाऱ्यांना गावातलं कुठलंही घर चालतं. हाही धोक्याचा इशारा होता. तोही मला तेव्हा कळला नाही.

आयफोनवाल्यांची जात आणखी वेगळी, ते एअरप्लेशिवाय पाणी पीत नाहीत. ठाण्याचे आमचे साडू आयफोन घेऊन येतात, टीव्हीकडे बघतात आणि ‘तुमचा सपोर्ट करत नाही’ म्हणून मोकळे होतात. मला त्यांचा हेवा वाटतो. एका वाक्यात सुटका.

या मिररिंगने आमची सगळ्यात मोठी फजिती केली ती २९ जून २०२४ च्या रात्री. टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल, भारत-दक्षिण आफ्रिका, बार्बाडोसला. स्मार्ट टीव्ही आल्यावर ‘आता सगळं मोबाईलवरच असतं’ म्हणून डिशचं रिचार्ज मीच बंद केलं होतं. सामना मोबाईलवर फुकट होता, पण फुकट फक्त मोबाईलवरच. टीव्हीवर हवा तर पैसे भरा. यावर अख्ख्या महाराष्ट्राने जो विचार केला तोच मी केला. मोबाईलवर फुकट आहे ना? मग मोबाईल टीव्हीला लाव!

लागला. पहिल्या फटक्यात लागला. सगळ्यांनी ‘वा’ म्हटलं. सामन्याचं अ‍ॅप उघडलं आणि टीव्ही काळाठिक्कर. आवाज मात्र खणखणीत. भाच्याने निदान केलं: अशा अ‍ॅपमधल्या चित्राला कुलूप असतं. चित्र चोरीला जाऊ नये म्हणून मोबाईलला बजावलेलं असतं, की मिररिंग चालू असेल तर हे बाहेर सोडू नको. आवाजाला मात्र तेवढी कडक बंदी नव्हती. झालं असं, की ४३ इंची टीव्हीकडे पाठ करून आम्ही अकरा माणसं साडेसहा इंची मोबाईलभोवती कोंडाळं करून बसलो. चित्र मोबाईलात आणि आवाज भिंतीवरून. आवाज चित्राच्या किंचित मागे, म्हणजे बॅट फिरायची आणि ‘टक’ नंतर यायचा. वडीलधाऱ्यांना पुढे जागा, मुलं त्यांच्या खांद्यांवरून वाकलेली, आई मागे स्टुलावर, तिला फक्त आमची डोकी दिसत होती. तिने सबंध सामना आमच्या मानांवरून ओळखला.

त्यात शेजारी डिश चालू. डिशवर चित्र लवकर येतं, इंटरनेटवर मागून. किती मागून ते त्या रात्री कळलं. शेवटची ओव्हर, आफ्रिकेला १६ धावा हव्यात, हार्दिक पंड्या बॉल घेऊन उभा, तोंडाजवळ मूठ. तो अजून धावायला लागलासुद्धा नव्हता आणि शेजारच्या घरात छप्पर उडेल असा आरडाओरडा झाला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. काहीतरी चांगलं झालंय एवढं कळलं. मग आमच्याकडे हार्दिक धावला, मिलरने उंच मारला, सूर्यकुमार सीमेकडे पळाला, आणि सगळा देश जिथे श्वास रोखून होता तिथे आमचा दादा शांतपणे म्हणाला, ‘घेतो तो.’ घेतला. भारत सात धावांनी जिंकला. विश्वचषक बघताना भविष्य माहीत असलेली आमच्यासारखी घरं त्या रात्री फार नसतील.

असो. तांत्रिक फजितीचं एवढं काही नाही, ती माणूस विसरतो. मिररिंगची खरी अडचण वेगळीच आहे. मोबाईल ही एकट्याची वस्तू आहे आणि टीव्ही ही घरादाराची. ज्याने कोणी हे दोन जोडायची युक्ती काढली तो नक्की एकटा राहत असणार. किंवा त्याच्या घरी माणसं दार वाजवून येत असणार. आमच्याकडे ओटीला दार आहे, ते रात्री कुत्रं येऊ नये म्हणून लावतात.

एकदा मी कंपनीत ताप आल्याचं कळवून घरी राहिलो. ताप नव्हता, भाताची लावणी होती आणि माणसं मिळत नव्हती. संध्याकाळी मुलांना गणपतीचा जुना व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवत होतो. बाप्पाच्या मुकुटावर वरून एक पट्टी घसरत आली आणि सबंध ओटीला वाचायला मिळालं: ‘ताप उतरला का? उद्या फर्स्टला या, ऑडिट आहे.’ सुपरवायझर. आई ताडकन उठली. ‘ताप होता तुला? आणि दिवसभर चिखलात उभा राहिलास?’ खरं सांगावं तर मुलांसमोर खोटा ठरतो, न सांगावं तर काढा. मी काढा प्यायलो. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. ऑडिटलाही गेलो.

आणि फोनमधली नावं! आपण नावं ‘सेव्ह’ करतो ती स्वतःच्या सोयीसाठी. गावात एकाच नावाची चार माणसं, म्हणून नावापुढे खूण लागते. ‘गॅसवाला नवीन’, ‘उसने पाच हजार’, ‘लग्न जमवणारे उचलू नको’. खिशात असेपर्यंत ही सोय असते. भिंतीवर ४३ इंचात झळकली की तिचं मत होतं.

आता त्या संध्याकाळचं सांगतो.

माझ्या पुतणीची हळद झाली मे महिन्यात. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला आलेल्या माणसाला ‘हळदीला का नव्हतास’ असं विचारतात. कर्जतची आत्या येऊ शकली नव्हती, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. महिनाभराने ती काठी टेकत आली, ओटीवरच्या खुर्चीत बसली, चहा घेतला आणि म्हणाली, ‘मला हळद बघायची आहे. धवलारणीने कोणती गाणी म्हटली ते ऐकायचं आहे. मोबाईल नको, त्यात मला मुंग्यांएवढी माणसं दिसतात. मोबाईल टीव्हीला लाव.’

यात एक अडचण होती, ती हळदीची नव्हती. आजोबांच्या मागे जी वारस नोंद झाली तिच्यात बाबांबरोबर आत्याचंही नाव लागलं. तीस गुंठे, हायवेपासून फार लांब नाही. इतकी वर्षं त्या तीस गुंठ्यांत फक्त भात आणि वाल पिकत होता. मग अटल सेतू झाला, पनवेल-कर्जत लोकलचं काम निघालं, विमानतळाचं बोलणं रोजचं झालं आणि चहाच्या टपरीवर माणसं गुंठ्याचे भाव सांगायला लागली. दादा आणि मी ठरवलं, की आत्याला एकदा हक्कसोडीचं विचारायचं. विचारायचं, पण योग्य वेळ बघून. योग्य वेळ गेली दोन वर्षं आली नव्हती. तोपर्यंत तयारी असावी म्हणून सातबाऱ्याचा फोटो आणि खालापूरच्या लिहिणावळवाल्याने करून दिलेला हक्कसोडपत्राचा कच्चा मसुदा माझ्या मोबाईलात पडून होता. गॅलरीत. हळदीच्या जरा आधी.

मी ‘कास्ट’ दाबलं. मोबाईलने आसपास शोधलं आणि तीन नावं दाखवली. तिन्ही सारखी. एकाच टेम्पोतले तिघे. एरवी आपला टीव्ही सगळ्यात वर असतो, म्हणून वरचा दाबला. चाक फिरलं, ‘जोडत आहे’ आलं, मग ‘जोडले’ आलं. टीव्हीवर मात्र काही नाही, आपला तो निळा डोंगर आणि घड्याळ. म्हटलं, येईल, याला वेळ लागतो. तोवर हळद शोधून ठेवू.

माझ्या गॅलरीत हळदीपर्यंत पोहोचणं सोपं नाही. वाटेत लाइटच्या मीटरचे आकडे आहेत, गॅसच्या पावत्या आहेत, मुलाच्या गणिताच्या वहीचे फोटो आहेत, टक्कल पडलेल्या जागेचे मी स्वतः मागून काढलेले सहा फोटो आहेत, कारण एका डॉक्टरने प्रगती बघायला सांगितली होती. मी सावकाश सरकवत होतो. सहाही फोटो पुढे-मागे करून बघितले, प्रगती नव्हती. मग अंगठा कुठेतरी टेकला आणि सातबारा उघडला. घाईघाईत तो घालवायला गेलो तर पुढचा फोटो आला, हक्कसोडपत्राचं पहिलं पान. आत्या तीन फुटांवर. मी टीव्हीकडे बघितलं. निळा डोंगर. मनातल्या मनात कुलदैवताला नारळ बोललो, की बरं झालं, अजून लागला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. शेजारचे काका. त्यांचा आणि आमचा बांध एक आहे, त्यामुळे ते माझ्याकडे ‘बांध काका कटकट’ या नावाने आहेत.

‘कोण आहे?’ आत्याने विचारलं.

‘शेजारचे.’

‘स्पीकरवर टाक. त्याला मी आलेय ते सांगते.’

टाकला.

‘अरे,’ काका म्हणाले, ‘तुझा मोबाईल आमच्या टीव्हीला लागलाय. आमच्या हिला काय तरी विचारलं त्याने, तिने ओके दाबलं. आता टीव्हीवर मोठ्या अक्षरांत बांध काका कटकट म्हणून फोन येतोय. तो मीच ना?’

मला काही सुचेना. ‘काका, ते...’

‘असू दे. डोक्याला तेल लाव तू, कांद्याचा रस लावू नको. आणि ऐक, तो उतारा जुना आहे. नवीन काढ, डिजिटल सहीचा. जुना घेऊन गेलास तर सब-रजिस्टर परत पाठवेल. आणि हक्कसोडीवर बहिणीचं लग्नानंतरचं नाव घालायला हवं, यात माहेरचंच घातलंय. पुढचं पान दाखव जरा, साक्षीदार कोण घेतलेत?’

मी फोन कापला. ओटीवर शांतता. दादा, जो इतका वेळ खांबाला टेकून बसला होता, तो गुरांना पाणी दाखवायला उठला. गुरं आम्ही सहा वर्षांपूर्वी विकली.

‘कसली हक्कसोड?’ आत्या म्हणाली.

‘काही नाही गं, आपलं असंच, एक कागद...’

‘कोणाच्या टीव्हीवर आहे म्हणाला तो?’

‘शेजारच्या.’

‘म्हणजे शेजारच्यांनी बघितलं आणि मी नाही.’ तिने काठी खुर्चीला नीट टेकवून ठेवली. ‘मुलीचा मुलाइतकाच हक्क २००५ साली कायद्यात आला, ते याच टीव्हीवर मी ऐकलंय. मला काय ते वाचता येतं. आपल्या टीव्हीला लाव.’

‘आत्या, आधी हळद बघू ना. धवलारीण...’

‘हळद कुठे पळून जात नाही. लाव.’

भाचा पुढे आला. या घरात अडल्यानडल्याला धावून येणारा तो एकटाच, आणि आज नेमका त्याने यायला नको होतं. त्याने माझ्या हातून मोबाईल घेतला, शेजारचा टीव्ही सोडवला, यादीतलं दुसरं नाव दाबलं. मी चाकाकडे डोळे लावून बसलो. हे चाक मला चांगलं माहीत आहे. गणपतीत अर्धा तास फिरलं होतं. मुलीच्या वाढदिवसाला फिरून फिरून मोबाईलच बंद पडला होता. फायनलला चित्र काळं झालं होतं. आजही तसंच काहीतरी होईल, लाइट जाईल, राउटर उडेल, आकाशातून काही पडेल, एवढीच माझी अपेक्षा होती.

चाक फिरलंच नाही. ‘जोडले.’

आणि भिंतीवर, एकही ठेच न खाता, कुठेही न फुटता, हक्कसोडपत्राचं पहिलं पान आलं. उभा कागद, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळं आणि मधे बारा इंचांची पांढरी पट्टी. ४३ इंचांतलं आपल्या वाट्याला तेवढंच येतं. पण अक्षर अन् अक्षर स्वच्छ. भाच्याने आपणहून दोन बोटांनी मोठं केलं. आत्याचं नाव पट्टीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलं. तिला चष्माही लावावा लागला नाही.

आई माजघराच्या दारात येऊन उभी राहिली. पूर्वी उभी राहायची तशीच, एक पाय आत, एक बाहेर.

‘दिसतंय का गं?’ तिने विचारलं.

‘दिसतंय,’ आत्या म्हणाली. ‘पुढचं पान घे रे.’

तेवढ्यात भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला.

‘अरे, आमच्याकडचं गेलं!’